लायनर पत्र्याला धरून राहते कशाने?

दीड टन वजनाची मोटार जोरात ब्रेक दाबून थांबवली, तर ब्रेक पॅडवर नेमका किती ताण येतो? हा हिशेब शाळेतल्या गणिताने करता येतो. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी गुरुत्वत्वरणाच्या आठ दशांश दराने मंदावते असे धरा. त्यासाठी रस्त्याने चाकांना साधारण ११,८०० न्यूटन बलाने मागे रेटावे लागते. गाडी पुढे झुकते, म्हणून यातला सत्तर टक्के भार पुढच्या दोन चाकांवर येतो आणि एका चाकाच्या वाट्याला ४,१०० न्यूटन येतात. पण टायरची त्रिज्या तीस सेंटिमीटर, आणि पॅड डिस्कला धरते ते केंद्रापासून जेमतेम अकरा सेंटिमीटरवर. म्हणून डिस्कवर बल पावणेतीनपट वाढते. ते दोन पॅडमध्ये वाटले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला साडेपाच हजार न्यूटन उरतात. पॅडचे क्षेत्रफळ पंचेचाळीस चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला सव्वाशे न्यूटन, म्हणजे साडेबारा किलोच्या वजनाएवढी ओढ. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साडेबारा किलो.

ही ओढ घर्षणाचा मसाला डिस्ककडून घेतो आणि पाठीमागच्या पोलादी पट्टीला देतो. पट्टी ती कॅलिपरच्या ब्रॅकेटला देते. मसाला आणि पट्टी यांच्यामध्ये असतो फक्त चिकटद्रव्याचा एक थर, कागदाएवढा पातळ. गाडी थांबवणारे सगळे बल या थरातून जाते. गॅरेजमध्ये पॅडची चर्चा झाली की मसाला कुठल्या कंपनीचा, आवाज करतो का, किती किलोमीटर चालतो, डिस्क खातो का, हेच प्रश्न विचारले जातात. मसाला पाठीला धरून राहील का, हे सहसा कोणी विचारत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

ओझरमधून या प्रश्नाकडे पाहण्याला एक कारण आहे. हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. दक्षिणेला कसाऱ्याचा घाट आणि उत्तरेला चांदवडजवळचा राहुड घाट, दोन्ही ब्रेकची परीक्षा पाहणारे. आजूबाजूला निफाड-दिंडोरीचा द्राक्षपट्टा, म्हणजे हंगामात भरगच्च भरलेल्या पिकअपची रहदारी. नाशिकला महिंद्राचा कारखाना, जिथून बोलेरो आणि स्कॉर्पिओ बाहेर पडल्या. आणि ओझरच्या विमानतळाला लागून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा, विमान कारखाना. लायनर, म्हणजे घर्षणाच्या मसाल्याचे अस्तर, धरून ठेवण्याच्या जवळजवळ सगळ्या पद्धती या एका टप्प्यात रोज धावताना दिसतात. ट्रकच्या ड्रममध्ये रिव्हेट, पिकअपच्या पुढच्या चाकात चिकटवलेले पॅड, मोटारसायकलवर तांब्याने जोडलेले सिंटर पॅड, आणि धावपट्टीवर असा ब्रेक ज्यात लायनर नावाची वेगळी वस्तूच नाही.

सुरुवात खिळ्यापासून झाली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या एका गावात तिने मोच्याकडून त्यांच्यावर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या इतिहासातले पहिले लायनर हेच मानतात. त्यानंतर इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूडने १८९७ मध्ये ब्रेकच्या अस्तराचा धंदा काढला. तोच पुढे 'फेरोडो' झाला, आणि १९०८ पासून त्याने ॲस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली. फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. पण त्याच्या तांब्याच्या पॅडची किंकाळी इतकी कर्कश होती की ती कल्पना पन्नास वर्षे बाजूला पडली. १९५३ मध्ये जॅग्वारने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर ले मान्सची शर्यत जिंकली, १९५५ मध्ये सित्रोएन डीएस आली, आणि मग डिस्कचे दिवस आले. आपल्याकडे सामान्य माणसाच्या हातात डिस्क ब्रेक खऱ्या अर्थाने आला तो मोटारसायकलींमुळे. २००१ च्या पल्सरनंतर पुढच्या चाकात चकती असणे तरुणांच्या दृष्टीने अप्रूप राहिले नाही, अपेक्षा झाली.

फ्रूडच्या काळापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत जोड म्हणजे रिव्हेट. ट्रकच्या ड्रम ब्रेकमध्ये तो अजून आहे, आणि माझ्या मते योग्य कारणाने आहे. ट्रकचे लायनर जाड आणि रुंद असते, ओढ मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते, आणि कमानीसारखा वळलेला शू ड्रमकडे दाबला गेला की लायनर दोघांच्या मध्ये घट्ट राहते. मुख्य म्हणजे महामार्गावरच्या कुठल्याही लायनरच्या दुकानात मिस्त्री जुने रिव्हेट कापून नवे लायनर अर्ध्या दिवसात बसवून देतो. त्याला ओव्हन लागत नाही, चिकटद्रव्य लागत नाही, फक्त रिव्हेट मारायचे यंत्र आणि अनुभवी हात लागतो. तोटे उघड आहेत. रिव्हेटचे डोके बसायला लायनरमध्ये खोलगट भोक पाडावे लागते, म्हणून लायनरची जवळपास एक तृतीयांश जाडी वापरताच येत नाही. ती वापरायला गेले की रिव्हेट ड्रमला चरे पाडतो. भोकांच्या कडेने तडेही जातात. आणि रिव्हेट ढिला पडला तर लायनर शूवर हलते. ब्रेक अर्धवट लागतो, पण पूर्ण सुटत नाही. हा शेवटचा गुण महत्त्वाचा आहे. रिव्हेटचा जोड बिघडतो तेव्हा आवाज करून, हळूहळू बिघडतो. चिकटवलेला जोड बिघडतो तेव्हा बहुधा एकदम बिघडतो.

चिकटवण्याचे तंत्र मोटारीत आले ते युद्धातून. इंग्लंडमध्ये डक्सफर्डला नॉर्मन द ब्रूयन यांनी 'रेडक्स' हे फेनॉलिक राळेवर आधारलेले चिकटद्रव्य विमानांचे धातूचे पत्रे जोडण्यासाठी तयार केले. त्याची पहिली विक्री मात्र विमानांसाठी झाली नाही. चर्चिल आणि क्रॉमवेल रणगाड्यांच्या क्लच प्लेटवर घर्षणाचे अस्तर चिकटवण्यासाठी ते वापरले गेले. अमेरिकेत क्रायस्लरने १९४९ च्या मोटारींत रिव्हेटऐवजी चिकटवलेले लायनर आणले आणि त्याची जाहिरात केली. जाडी वाया जात नाही, भोके नाहीत, ड्रम खरवडत नाही. डिस्क ब्रेक आल्यावर तर दुसरा मार्गच उरला नाही, कारण पॅडचे क्षेत्रफळ छोटे, दाब जास्त, आणि रिव्हेटसाठी द्यायला जाडी कमी. काही अमेरिकी गाड्यांच्या पॅडवर रिव्हेट दिसत राहिले, पण ती पद्धत मागे पडली.

मग हा जोड होतो कसा? पाठीची प्लेट म्हणजे पाच-सहा मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी. मोटारसायकलसाठी ती पातळ असते, ट्रक-बससाठी जाड. ती मोठ्या प्रेसमध्ये कापून काढतात. कापताना ती थोडी वाकते, आणि वाकलेल्या प्लेटवर बसवलेला मसाला कडेला ताणलेला राहतो. म्हणून सपाटपणा ही पहिली अट. नंतर तेल पूर्ण उतरवणे, मग छऱ्यांचा मारा. पोलादाचे बारीक छरे वेगाने मारून पृष्ठभाग खडबडीत करतात. त्याने गंज आणि पपडी निघते आणि चिकटद्रव्याला धरायला जागा मिळते. त्यानंतर काही कारखाने फॉस्फेटचा थर देतात आणि काही देत नाहीत, आणि पुढची कितीतरी भांडणे या एका फरकातून उगवतात. मग नायट्राइल रबर मिसळलेले फेनॉलिक चिकटद्रव्य फवारून वाळवतात. प्लेट साच्यात ठेवतात, तिच्यावर घर्षणाच्या मसाल्याची भुकटी ओततात आणि दीडशे-पावणेदोनशे अंश सेल्सियसला दाबतात. फेनॉलिक राळ वितळते, वाहते आणि कडक होते, मसाल्यात आणि चिकटद्रव्यातही. याच टप्प्यात अडकलेली वाफ आणि वायू सोडून देण्यासाठी प्रेस मधूनमधून उघडतात. हा श्वास बरोबर साधला नाही, तर वायू जोडापाशी फुगा करून बसतो. शेवटी पॅड कित्येक तास सुमारे दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये राहते, म्हणजे राळ पूर्ण पक्की होते.

यातले कोणतेच पाऊल गूढ नाही. पण वेळ, वीज आणि शिस्त यांच्यावर पैसा वाचवायचा मोह प्रत्येक पावलावर आहे. छरे बोथट झाले तरी मारा चालू ठेवायचा, छरे मारलेल्या प्लेटा पावसाळी हवेत दोन दिवस तशाच पडू द्यायच्या, ओव्हनचा वेळ कमी करायचा. यापैकी काहीही केले तरी तयार पॅड दिसायला तसेच दिसते. रंग तोच, खोके तेच. घर्षणाचा गुणांक पहिल्या दिवशी तितकाच. फरक दिसायला दोन पावसाळे जावे लागतात.

मसाला आणि चिकटद्रव्य यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरचा आणखी एक थर चांगल्या पॅडमध्ये असतो. त्याला अंडरलेअर म्हणतात. तो घर्षणासाठी नसतोच. त्यात राळ आणि तंतू जास्त असतात, तो पोलादाला नीट धरतो आणि उष्णता अडवतो. याची गरज ॲस्बेस्टॉस गेल्यावर जास्त भासू लागली. ॲस्बेस्टॉसचे तंतू राळ छान धरायचे आणि उष्णता पुढे जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून जोड थंड राहायचा. पण त्या सोयीची किंमत कामगारांनी मोजली. मुंबईतल्या ॲस्बेस्टॉस कंपोझिटच्या एका गिरणीतल्या कामगारांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तपासलेल्यांपैकी पाचात एकाहून अधिक जणांच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसिस आढळला. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याआधी दहा वर्षे, १९९५ मध्येच लागला होता. ॲस्बेस्टॉसच्या जागी आलेल्या अर्धधातू मसाल्यात पोलादाचे तंतू आणि लोखंडाची भुकटी असते. ती उष्णता सरळ पाठीकडे नेते. तिथून पुढे कॅलिपरचा पिस्टन आणि ब्रेक ऑइल. डॉट-३ ऑइल कोरडे असताना २०५ अंशांना उकळते, आणि हवेतला ओलावा ओढून घेतलेले १४० अंशांना. तेव्हा अंडरलेअर दोन कामे एकाच वेळी करतो. जोड वाचवतो आणि ऑइल उकळू देत नाही.

घाटात काय होते, त्याचाही हिशेब सोपा आहे. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना सुमारे तीनशे मीटर उंची जाते. सोळा टनांचा ट्रक ती उतरला, की ४.७ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. शंभरच्या वेगाने धावणारी दीड टनाची मोटार थांबवायला पावणेसहा लाख ज्यूल लागतात, म्हणजे हे तशा ऐंशी थांब्यांएवढे झाले. गिअर खाली घालून उतरणाऱ्या चालकाची बरीच ऊर्जा इंजिन गिळते. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणाऱ्याची सगळी ऊर्जा लायनर गिळते. फेनॉलिक राळ तीनशे अंशांच्या पुढे विघटित होऊ लागते. पृष्ठभागावर ती जळली तर ब्रेक तात्पुरता फिका पडतो आणि थंड झाल्यावर बराचसा परत येतो. जोडापाशी ती जळली तर काही परत येत नाही.

पण उष्णतेपेक्षा मोठा शत्रू गंज आहे, असे माझे मत आहे. जोड उष्णतेने क्वचित सुटतो, गंजाने नेहमी. कारण असे की ब्रेक दाबलेला असताना पिस्टन मसाल्याला डिस्कवर दाबूनच धरतो, तेव्हा जोड उलण्याचा प्रश्न नसतो. गाडी उभी असते तेव्हा कडेने पाणी शिरते, प्लेट गंजते, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असल्याने तो मसाल्याला आतून पाचरीसारखा उचलतो. कडेपासून आत, थोडा थोडा. युरोप-अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे हे नित्याचे आहे. त्या मिठाचा हिसका आपल्या गाड्यांनाही बसला आहे. २०२० मध्ये रॉयल एनफिल्डने ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरियातल्या सुमारे १५,२०० मोटारसायकली कॅलिपरच्या गंजामुळे परत बोलावल्या. तिथे बिघाड पॅडच्या जोडात नव्हता, पण कारण तेच होते, रस्त्यावरचे क्षार.

आपल्याकडे मीठ टाकत नाहीत, म्हणून निश्चिंत राहावे का? कोकणातल्या माणसाला विचारा. आणि ओझरच्या आसपासच्या द्राक्षबागांतही मोरचूद आहे. बोर्डो मिश्रणाची पिंपे, गंधकाच्या गोण्या, गळके कॅन घेऊन पिकअप दिवसभर फिरतात. मोरचूद लोखंडाचे काय करतो हे कोणत्याही बागायतदाराला सांगायला नको, म्हणून तर तो मिश्रण प्लास्टिकच्या पिंपात कालवतो. त्यात सर्व्हिसिंग सेंटरवर चाकात जोराचा पाण्याचा फवारा मारायची आपली हौस. धुतलेली गाडी रात्रभर उभी करायची असेल, तर थोडी चालवून, दोन-चारदा ब्रेक दाबून पॅड वाळवून मग लावावी. इतके साधे पथ्य आहे, पण पाळणारे थोडे.

विजेवरच्या गाड्यांनी या बाबतीत नवा पेच आणला आहे. त्यांत वेग कमी करायचे बरेच काम मोटरच करते आणि ऊर्जा बॅटरीत परत घालते. पॅड महिनोन् महिने जेमतेम वापरले जाते. मसाला झिजत नाही, म्हणून पॅड बदलले जात नाही, आणि तापत नाही, म्हणून वाळतही नाही. पूर्वी पॅड झिजून मरायचे, आता ते गंजून मरेल. चाळीस हजार किलोमीटर टिकावा असा जोड पुरेसा होता, तिथे आता दहा-बारा वर्षे टिकणारा लागेल. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या विजेच्या गाड्यांना मागे पुन्हा ड्रम ब्रेक बसवले ते यासाठीच. बंद ड्रममध्ये गंज कमी. दुसरीकडे युरोपच्या युरो-७ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीवर प्रथमच मर्यादा आली, आणि कॅलिफोर्नियाने २०२५ पासून पॅडमधले तांबे अर्ध्या टक्क्यावर आणले. मसाल्याची कृती पुन्हा बदलणार, आणि प्रत्येक नव्या कृतीबरोबर जोड नव्याने सिद्ध करावा लागणार.

गंजावर उपाय म्हणून चिकटद्रव्याच्या जोडीला यांत्रिक पकड द्यावी, असा एक पक्ष आहे. या पकडीचे जुने रूप म्हणजे प्लेटला पाडलेली दोन-चार भोके. साच्यात दाबताना मसाला त्यांत वाहून जातो आणि पाठीमागून गुंड्यांसारखा दिसतो. ओढीच्या दिशेने या गुंड्या उपयोगी, पण मसाला सरळ उचलला जाऊ लागला तर त्या तुटतात. ट्रक-बसच्या पॅडमध्ये याहून भक्कम उपाय असतात. प्लेटवर वितळवून जोडलेली तारेची जाळी किंवा धातूचे मणी, ज्यांच्या खाली मसाला शिरून अडकतो, किंवा बिडाची ओतीव प्लेट, जिच्यात खाचा ओततानाच येतात. शिवनेरीसारख्या बसला भोर घाटातून चाळीस माणसे घेऊन उतरायचे असते, तिथे केवळ चिकटद्रव्यावर कोणी विसंबू नये. आणि अलीकडचे रूप म्हणजे कॅनडातल्या टोरांटोच्या न्यूकॅप कंपनीने रूढ केलेले आकडे. प्लेटच्या पृष्ठभागावरूनच पटाशीने सोलल्यासारखे पोलादाचे शेकडो बारीक आकडे उभे करायचे आणि मसाला त्यांच्यात दाबायचा. चिकटद्रव्य पूर्ण गेले तरी मसाला आकड्यांत राहतो. प्लेटला जस्ताचा मुलामा देता येतो, कारण पकडीसाठी खडबडीत उघड्या पोलादाची गरज उरत नाही. या शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष होते, पण माझ्या मते आकड्यांचा खरा फायदा हाच. आकड्यांविरुद्धचा आक्षेपही रास्त आहे. ते मसाल्याच्या तळात उभे असल्याने तळाची जाडी वापरायची नाही, आणि आळशी मालकाने वापरलीच तर डिस्कवर रिव्हेटसारखेच चरे पडतात. पंच्याहत्तर वर्षांनी आपण फिरून रिव्हेटच्या तोट्यापाशी आलो, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नाही.

मोटारसायकलच्या महागड्या सिंटर पॅडमध्ये प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. तिथे राळच नाही. तांब्यावर आधारलेली धातूंची भुकटी दाबून भट्टीत भाजतात. पाठीच्या पोलादी प्लेटवर आधी तांब्याचा मुलामा असतो, आणि भट्टीत मसाल्याचे तांबे आणि मुलाम्याचे तांबे एकजीव होतात. हा जोड चारशे अंशांनाही डगमगत नाही. पण तो उष्णता फार नेतो, डिस्क लवकर खातो, आणि महाग पडतो.

रेल्वेने आणखी एक वाट धरली. नाशिकरोडवरून जाणाऱ्या एलएचबी डब्यांच्या प्रत्येक आसावर डिस्क आहेत, आणि त्यांचे पॅड पाठीमागच्या धरणीत सुताराच्या डव्हटेल सांध्यासारखे सरकवून बसवतात आणि खिटी लावतात. कर्मचारी हत्याराशिवाय ते बदलू शकतो. सुट्टा झालेला तुकडा आपोआप पडत नाही, कारण सांध्याचा आकारच त्याला अडवतो. मोटारीत हे का नाही? चाकाच्या आत जागा नाही, एवढेच उत्तर.

आता धावपट्टीकडे. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. त्या वेळी संरक्षणमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध गेले होते, आणि कारखाना इथे येण्याचे श्रेय नाशिककर अजून त्यांना देतात. शेजारीच हवाई दलाचा अकरा क्रमांकाचा दुरुस्ती तळ आहे. मिग-२१ उतरे ते ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरने. साडेसहा टनांचे विमान ताशी २८० किलोमीटरला असेल, तर त्याची गतिज ऊर्जा त्या दीड टनी मोटारीच्या तीसपटींहून जास्त भरते. काही भाग शेपटीचे पॅराशूट घेई, उरलेला हवेच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक. इतक्या उष्णतेत राळेचा जोड टिकणे अशक्य. म्हणून अशा विमानांत सिंटर केलेल्या धातूचे घर्षणखंड वापरतात, आणि ते पोलादी चकतीला भट्टीत एकजीव करून किंवा पोलादी वाटीत बसवून रिव्हेटने जोडतात. भारतात असे पॅड एचएएलच्या बंगळुरूच्या फौंड्री अँड फोर्ज विभागात बनतात. मोटारीने टाकून दिलेला रिव्हेट विमानात असा मानाने टिकून राहिला.

तेजसमध्ये मात्र तोही गेला. हैदराबादच्या ॲडव्हान्स्ड सिस्टिम्स लॅबोरेटरीने या विमानासाठी कार्बन-कार्बनच्या ब्रेक चकत्या विकसित केल्या. कार्बनची चकती स्वतःच घर्षणाचा मसाला, स्वतःच पाठीची प्लेट आणि स्वतःच उष्णतेचा साठा. वेगळे लायनर नाही, म्हणून ते धरून ठेवण्याचा प्रश्न नाही. ही वाट प्रवासी विमानांत काँकॉर्डने रूढ केली होती. मिग-२१ ने २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये निरोप घेतला, आणि पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये बनलेले पहिले तेजस मार्क-१ए संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत आकाशात गेले. पिकअपला कार्बनचे ब्रेक कधी येतील? नजीकच्या काळात नाही. एक चकती घडायला कार्बनला भट्टीत आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. शिवाय थंड, ओल्या कार्बनची पकड सुरुवातीला कच्ची असते, आणि भाजीबाजारात दर शंभर मीटरवर थांबणाऱ्या गाडीला तो स्वभाव परवडणारा नाही.

म्हणजे रस्त्यावर चिकटद्रव्यच राहणार. मग ते तपासायचे कसे? आयएसओ ६३१२ या मानकात पद्धत दिली आहे. पॅडची प्लेट घट्ट धरायची आणि मसाला बाजूने रेटत जायचे, सुटेपर्यंत. युनोच्या वाहननियमांतला ९० क्रमांकाचा नियम बदली पॅडसाठी आहे. त्यात किमान ताकद दर चौरस सेंटिमीटरला २५० न्यूटन, आणि ड्रमच्या लायनरला १०० न्यूटन मागितली आहे. सुरुवातीचा हिशेब आठवा. जोरात मारलेल्या ब्रेकला १२५ न्यूटन लागले होते, म्हणजे किमान मर्यादा त्याच्या जेमतेम दुप्पट. चाचणीतले पॅड नवे कोरे, गाडीतले जुने, तापलेले आणि ओले. दुप्पट हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण गंजाने अर्धा जोड खाल्ला की तो संपतो. चांगले उत्पादक स्वतःची मर्यादा याच्या बरीच वर ठेवतात, ते उगाच नाही.

या चाचणीत आकड्याइतकेच महत्त्व तुटलेल्या पाठीला आहे. मसाला सुटल्यावर प्लेटवर मसाल्याचाच थर उरला असेल, तर मसाला फाटला पण जोड टिकला. पॅड उत्तीर्ण. प्लेट चकचकीत स्वच्छ निघाली, तर आकडा कितीही मोठा येवो, जोड कच्चा. कारखान्यातला जुना निरीक्षक आकडा छापून यायच्या आधीच प्लेटकडे बघून निकाल देतो. ही खूण वाचकालाही वापरता येईल. गॅरेजमध्ये जुने पॅड काढल्यावर फेकायच्या आधी ते हातात घ्या. मसाला आणि प्लेट यांच्या मधल्या फटीकडे चारही बाजूंनी पाहा. तांबडी रेष दिसली, नख शिरले, किंवा कोपरा उचललेला असला, तर मसाला कितीही जाड उरलेला असो, ते पॅड वेळेवर निघाले म्हणायचे. तोच कारखाना, तीच पेटी पुन्हा घेऊ नका.

मिस्त्रीलाही दोन गोष्टी सांगायला हरकत नाही. नवे पॅड ब्रॅकेटमध्ये बसत नसेल, तर बहुतेकदा ब्रॅकेटच्या खाचेत गंज साठलेला असतो. तो साफ करायचा सोडून प्लेटचे कान ग्राइंडरवर घासतात, आणि रंगाबरोबर गंजरोधक थरही जातो. आणि अडकलेल्या पॅडवर हातोडा मारायचा नाही. काही ठिकाणी जुन्याच प्लेटा घासून त्यांवर नवा मसाला चिकटवून विकतात. ड्रमच्या शूवर रिव्हेटने ते काम बिनधोक होते. डिस्कच्या पॅडवर, ओव्हन आणि छऱ्यांच्या माऱ्याशिवाय, ते करूच नये. अशा पॅडची ओळख म्हणजे नव्या रंगाखाली दिसणारे गंजाचे खड्डे.

सगळा आढावा घेतल्यावर माझा निकाल असा. मोटार आणि मोटारसायकलसाठी नीट छरे मारलेली, फॉस्फेट केलेली प्लेट, पुरेसा अंडरलेअर आणि पूर्ण वेळ भाजलेले फेनॉलिक चिकटद्रव्य पुरेसे आहे. आकडे असले तर उत्तम, नसले तर अडत नाही. पिकअप, बस आणि ट्रकच्या डिस्कला यांत्रिक पकड हवीच. विजेच्या गाड्यांना आणि कोकणातल्या गाड्यांना प्लेटचा गंजरोधक थर मसाल्याइतकाच महत्त्वाचा मानावा लागेल.

भारतीय मानक ब्युरोचे आयएस २७४२ हे लायनरसाठीचे मानक आहे, पुण्याला १९६६ पासून एआरएआयची प्रयोगशाळा आहे, तेव्हा तपासायची सोय घराजवळ आहे. पॅडच्या कडेवर घर्षणाचा दर्जा सांगणारी एफएफ किंवा जीजी अशी अक्षरे छापलेली असतात, आणि ती वाचून दुकानदार गिऱ्हाइकाला भाव सांगतो. जोडाची ताकद मात्र पॅडवर किंवा खोक्यावर सहसा कुठेच छापलेली नसते. ती छापणे सक्तीचे करावे, आणि तोपर्यंत पॅड घेताना दुकानदाराला तो आकडा विचारावा. दहा गिऱ्हाइकांनी विचारला, की अकराव्यासाठी तो कंपनीकडून मागवून ठेवील.